सहाव्या गाण्यातला कुत्रा

मे महिन्याचा तिसरा आठवडा लागला की मला पहिली शिंक येते, आणि ती कधी एकटी येत नाही. तिच्या सहा-सात बहिणी मागून रांगेनं येतात. कॉव्हेंट्रीत अर्धं आयुष्य काढलं, पण इथल्या गवतानं मला अजून आपलं म्हटलेलं नाही. यंदाही डोळ्यांना धारा, नाकाचा नळ आणि बगलेत टिश्यूचा खोका अशा थाटात मी खिडक्या लावत फिरत होतो, तेवढ्यात मानसीचा, म्हणजे आमच्या लेकीचा, युनिव्हर्सिटीतून फोन आला. तिचे शेवटच्या वर्षाचे पेपर दुसऱ्या दिवशी सुरू व्हायचे होते.

"बाबा, रडतोयस?"

"नाही गं, हे-फीवर. गवताची ॲलर्जी."

"माझा एक्झाम आहे आणि रडतो तू."

"माझी परीक्षा," मी सवयीनं दुरुस्त केलं.

"तुझा नाही, माझा!"

एकवीस वर्षं मी ह्या मुलीच्या मराठीतली लिंगं दुरुस्त करतो आहे. परिणाम हा असा. फोन ठेवला आणि पुन्हा शिंकलो.

परीक्षा आणि गवत ह्या देशात एकाच वेळी फुलतात. योजना कुणाची ते माहीत नाही. ज्यानं आखली त्याला ना मुलं असावीत, ना नाक. पाच वर्षांपूर्वीचा जून असाच होता. मानसी सोळा वर्षांची, जीसीएसईला बसलेली. जीसीएसई म्हणजे आपली दहावीच, पण दहावीसारखी पटकन उरकून टाकायची सोय नाही. वीस-बावीस पेपर, मेच्या मध्यापासून जून संपेस्तोवर थेंब थेंब, अख्ख्या घराला सलाइन लावल्यासारखे. फ्रिजवर चार रंगांत टाइमटेबल लागलं होतं आणि त्याखाली नियम. टीव्ही नाही. रेडिओ नाही. मिक्सर सकाळी आठच्या आत. आणि सर्वांत खाली, लाल अक्षरांत: बाबांनी शिंका बागेत जाऊन द्याव्यात. बागेत, म्हणजे जिथं गवत आहे तिथं! पण न्याय मागायचा कुणाकडे? तिच्या आईनं त्या कागदाला स्वतःच्या हातानं मॅग्नेट लावलं होतं.

तेव्हा संगीतासाठी घरात एकच खोली उरली. ती घरात नव्हती, घरापुढच्या ड्राइव्हवर उभी होती. मी संध्याकाळी कामावरून येऊन चहाचा मग घ्यायचो, परत गाडीत जाऊन बसायचो, काचा वर करायचो आणि टेप लावायचो. गाडी जागची हलायची नाही. तिसऱ्या दिवशी शेजारणीनं काचेवर टकटक करून हलक्या आवाजात विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?" बायकोनं घराबाहेर काढलेला नवरा म्हणून आमच्या गल्लीत माझी जी प्रतिमा झाली, ती अजून पुरती पुसलेली नाही.

गाडीत मी ऐकायचो ते ब्लूग्रास. गवत नाकातही आणि कानातही, असा माझा योग आहे. अमेरिकेतल्या डोंगराळ मुलखातलं हे वाद्यांचं आणि गळ्याचं संगीत. बँजो, फिडल, मँडोलिन, गिटार आणि माणसाहून उंच बेस. पण मी ऐकायचो ती मंडळी अमेरिकेतली नव्हती. ती कॉव्हेंट्रीतली होती आणि त्यांचं नाव होतं रिंग रोड रॅम्बलर्स. डोंगरांच्या विरहाची गाणी ते जीव तोडून गायचे. कॉव्हेंट्रीत चढ म्हणून जो काही आहे तो रिंग रोडच्या फ्लायओव्हरचा, हा भाग वेगळा.

त्यांचा म्होरक्या रॉय. बँजो त्याचा. पोटासाठी तो आमच्या हॉस्पिटलची व्हॅन चालवायचा. दवाखान्यांतून रक्ता-लघवीचे नमुने गोळा करून आमच्या लॅबमध्ये आणायचा. मी तिथं साधा तंत्रज्ञ, पण पहिल्या दिवसापासून त्यानं मला 'डॉक' म्हटलं आणि मीही ते आजतागायत दुरुस्त केलेलं नाही. माझ्या पहिल्या हिवाळ्यात त्यानं नमुन्यांच्या पेटीमागून एक एलपी काढली आणि म्हणाला, "आमची आहे. घेणार का?" माझ्याकडे प्लेयर नव्हता. पण नाही म्हणणं मला कुठल्याच भाषेत जमत नाही. नाल सापडली म्हणून घोडा घेतात तसा मी मग तबकडीसाठी प्लेयर घेतला आणि पुढं लग्न झाल्यावर ह्या दोन वस्तूंनिशी संसार मांडला.

आमच्या घरात त्यांच्या रेकॉर्डांना खरी नावं नाहीत. पहिली ती 'कुंपणवाली'. पाच जण भाजीच्या वाफ्याच्या कुंपणाला टेकून उभे, मागं कोबी. एकच मायक्रोफोन मधे ठेवून वाजवलेली. ज्याची पाळी तो पुढं सरकायचा, बाकीचे मागं. बँजो जवळ येतो, दूर जातो, फिडल कोपऱ्यातून वाट काढत येते. बुटांचे आवाज ऐकू येतात. एका जागी दोघं एकमेकांवर आपटतात आणि कुणीतरी हळूच 'सॉरी' म्हणतं. तो सॉरी मला पाठ आहे. परक्या गावात भाड्याच्या खोलीत एकट्यानं बसून मी तो इतक्या वेळा ऐकला, की ती पाच माणसं माझ्याच खोलीत धक्के खात वाजवताहेत असं वाटायचं.

दुसरी 'धावरी'. सगळी गाणी अशी सुसाट, जशी पाचही जणांची शेवटची बस सुटायची होती. तिसरी 'ढोलवाली', तिच्यात ड्रम्स आले आणि मी पंधरा दिवस रॉयशी फक्त हवामानावर बोललो. चौथी 'धुक्यातली'. कीबोर्डचा एक लांबच लांब सूर, त्यात फिडल कुठं सापडतच नाही, आणि कव्हरवर एक तळं. ती ऐकली तेव्हा माझी फसवणूक झाली आहे, असं मी सुलभाला सांगितलं.

"तुम्हाला विचारून लावायचा होता का कीबोर्ड?" ती म्हणाली.

सुलभा माझी बायको. मिरजेची. तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीशेजारी तिचं माहेर. लहानपणी जाग येई ती कुणीतरी जवारी लावत बसलेलं असे त्या आवाजानं. तारेखाली घोडीवर दोऱ्याचा एक तंतू सरकवत सरकवत आणायचा, की एका नेमक्या जागी तार गुणगुणायला लागते. ती गुणगुण म्हणजे जवारी. सुलभा गायची. लग्नात तंबोरा घेऊन आली, विमानात स्वतःच्या सीटपेक्षा त्याची काळजी. इथल्या पहिल्या वर्षी रोज सकाळी बसायची. मग एकदा पलीकडच्या घरातली तेव्हाची म्हातारी कुंपणापाशी गोड हसून म्हणाली, "आम्हाला तुझं गाणं ऐकू येतं, डिअर. भिंतीतून. लव्हली." मला वाटलं कौतुक आहे. सुलभाला कळलं काय आहे ते. तंबोरा गवसणीत गेला, गवसणी कपाटामागं.

पुढं ती जीपीच्या सर्जरीत, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात, रिसेप्शनवर लागली आणि तो शब्द तिच्याही तोंडी बसला. अपॉइंटमेंट घेतली, लव्हली. पत्ता बदलला, लव्हली. पेशंटनं लघवीची बाटली काउंटरवर ठेवली तरी, "लव्हली, थँक्यू." ती बाटली मग रॉयच्या व्हॅनमधून माझ्याकडे यायची, आमच्या संसाराचा असा एक जोडधंदाच होता. पण मिरजेत मैफलीत बसल्यावर तिच्या पोटातून जो 'वा!' निघायचा, तो मी लग्नाआधी एकदा ऐकला होता आणि त्यावरच मुलगी पसंत केली होती. इथं आल्यावर मात्र तो ऐकलेला आठवत नव्हता. टीव्हीवर सुंदर काही दिसलं तरी लव्हलीच. मी कधी बोललो नाही. बोलायचं म्हणजे काय बोलायचं? तुझा एक शब्द हरवलाय?

तर त्या जूनमध्ये, पेपरांच्या ऐन मध्यावर, रॉयनं सांगितलं की पाचवी रेकॉर्ड ते लोकांसमोर करणार. जुन्या पद्धतीनं. एक मायक्रोफोन, एक संध्याकाळ, जे होईल ते तसंच ठेवायचं. रॉयचा जावई मार्टिन लॅपटॉप आणून सगळं टिपणार होता. मी आनंदानं शिंकलो. सुलभा म्हणाली, आपण तिघंही जाऊ. सोमवारपर्यंत पेपर नाही, पोरीला जरा हवापालट.

"मी नाही येणार. दॅट म्युझिक इज फॉर ओल्ड पीपल," मानसी.

"आम्ही कोण आहोत मग?" सुलभा म्हणाली. "चल."

सोशल क्लबचा हॉल, संध्याकाळचे साडेसात आणि ऊन भर दुपारचं. रेकॉर्डिंगसाठी खिडक्या बंद, त्यामुळं आत भट्टी. रॉयनं जाहीर केलं, "ज्यांना खोकायचंय त्यांनी आत्ता खोकून घ्या." आणि खरंच, सगळ्या हॉलनं शहाण्यासारखं खोकून घेतलं. मला भीती होती माझ्या नाकाची. चाळीस वर्षांच्या बँडच्या रेकॉर्डवर माझी शिंक अजरामर होऊ नये म्हणून मी दोन गोळ्या घेऊन आलो होतो आणि त्यामुळं निम्मा झोपेत होतो. सगळा पहारा माझ्या नाकावर होता. शेजारी कोण बसलंय ह्याचा विचारच मी केला नव्हता.

टाळ्या सुरू झाल्या तेव्हा सुलभा माझ्या कानाशी आली. "अहो, हे लोक खालीवर टाळी देतायत. जिथं हात सोडायचा तिथं वाजवतात आणि समेवर गप्प!"

"तसंच असतं हे."

"असं कसं असतं?"

मग आलं सहावं गाणं. संथ. दोन कडवी गाऊन झाल्यावर चौघं एक एक पाऊल मागं सरकले आणि डेरेक पुढं आला. डेरेक फिडलवाला; सत्तरीचा, बारीक, मोठं ऑपरेशन झालेला, शर्टाची वरची गुंडीही लावलेली. त्यानं डोळे मिटले. एक सूर धरून तो वर गेला, वर जाऊन थोडा लटकला, आता पडतो की काय असं वाटलं, आणि मग घाई न करता, लांबच्या वाटेनं, एक एक पायरी उतरत तो खाली आला आणि बरोबर समेवर येऊन उभा राहिला.

"वा!"

ओरडली नाही ती. नुसती दोन बोटं उचलली गेली आणि पोटातून ते निघालं. पण त्या शांत हॉलमध्ये, बंद खिडक्यांत, काय तो आवाज! इंग्लिश माणसं मान वळवत नाहीत. पुढच्या दोन रांगांतले कान तेवढे लाल झाले. मानसी खुर्चीवरून घसरत घसरत माझ्या गुडघ्यांच्या पातळीला गेली. "आई, स्टॉप! सगळे लोक बघतो!" सुलभानं तोंडावर हात ठेवला होता.

आणि डेरेकनं डोळे उघडले. आमच्या दिशेनं पाहिलं. आणि तीच जागा पुन्हा घेतली. तीच, पण शेवटी एक लहानसं वळण जास्त देऊन. जगात दाद मिळाल्यावर वाजवणारे जे करतात तेच. त्याला कुणी शिकवलं होतं?

नंतर हातात अर्धा पाइंट घेऊन तो आला. "त्या तुम्हीच का?"

"सॉरी," सुलभा म्हणाली. "इट जस्ट केम आउट."

"लोक शेवटी टाळ्या वाजवतात," डेरेक म्हणाला. "मधेच, तिथल्या तिथं, कुणी सांगितलं नव्हतं मला. काय अर्थ त्याचा?"

सुलभानं विचार केला. "इट डझन्ट मीन एनीथिंग," ती म्हणाली. डेरेकनं मान डोलावली, जणू हेच उत्तर त्याला हवं होतं. परतताना गाडीत ती हसत सुटली. "अर्थ काय सांगणार, कप्पाळ!"

त्यानंतरचे दिवस मला वासासकट आठवतात. उकडलेल्या बटाट्यांचा वास, हायलायटर पेनांचा वास, कापलेल्या गवताचा तो जीवघेणा हिरवा वास. प्रत्येक पेपरला सकाळी दारात मानसीच्या हातावर दही-साखर. वीस-बावीस वेळा! गणिताच्या दिवशी साधं दही संपलं, तर सुलभानं स्ट्रॉबेरी योगर्टचा चमचा पुढं केला. "चालतं देवाला," म्हणाली. आणि भेंडी चिरताना ती गुणगुणायला लागली होती. आधी तोंडातल्या तोंडात, मग जरा मोकळं. वरून आरोळी यायची, "आई! केमिस्ट्री!" मग ती गप्प व्हायची, दोन भेंड्यांपुरती. एकदा मी गाडीत बसलो होतो तर ती चहा घेऊन शेजारच्या सीटवर येऊन बसली आणि म्हणाली, "तंबोऱ्याच्या तारा बदलायला हव्यात का हो? एवढ्या वर्षांत गंजल्या असतील."

मिरजेला भावाला फोन गेला. "दादा, माझा आवाज रेकॉर्डवर येतोय."

"काय गायलीस?"

"गायले नाही रे. नुसता 'वा'."

"एवढ्यासाठी विलायतेला गेलीस?" तो म्हणाला. पण सगळ्या गल्लीला सांगून आला. मावश्यांनी सीड्यांची मागणी नोंदवली.

जूनच्या शेवटच्या रविवारी मी रॉयच्या भाजीच्या वाफ्यावर गेलो. तिथं त्याची शेड आहे. अर्ध्या भागात फावडी, अर्ध्या भागात बँजो. मार्टिन लॅपटॉप लावून बसला होता. जामात दशमग्रह म्हणतात; हा ग्रह सगळ्या गाण्यांना साबण लावत होता. रॉयच्या बोटांच्या गाठी सुजलेल्या होत्या, घेवड्याच्या शेंगा खुडतानाही त्याला त्रास होत होता. मी बोलायला काहीतरी हवं म्हणून जुनी तक्रार काढली. एवढी चांगली कुंपणवाली, मग तुम्ही ते ड्रम्स का घुसवले?

"फिल गेला ना," रॉय म्हणाला. "मँडोलिनवाला. मुलीकडे, ऑस्ट्रेलियाला. मँडोलिनचा तो खट खट होता म्हणून आम्ही चालायचो, डॉक. तो गेल्यावर लंगडायला लागलो. म्हणून ड्रम."

"आणि कीबोर्ड?"

"डेरेकचं ऑपरेशन. वर्षभर हात वर होत नव्हता त्याचा. दुसरा फिडलवाला घ्यायला कुणाचं मन होईना. मग त्याच्या जागी धुकं भरलं."

"आणि ती दुसरी, एवढ्या घाईची?"

"सगळ्यांच्या घरी तान्ही पोरं," तो म्हणाला. "आंघोळीच्या वेळेला घरी पोचायचं असायचं."

वीस वर्षं मी ज्याला ह्यांची फॅशन समजून नाक मुरडत होतो, ती कुणा ना कुणाची रिकामी जागा होती. बदललेला प्रत्येक आवाज म्हणजे कोण खोलीत नाही त्याची नोंद. मला ऐकण्यातलं कळतं, असा माझा समज. जवारी कळणारी बायको घरात असताना मी तो कशावर करून घेतला होता, देव जाणे.

तेवढ्यात मार्टिन म्हणाला, "सहाव्यात कुणाचा तरी कुत्रा आहे."

"कुत्रा?" रॉय म्हणाला.

"एकदा भुंकलाय. बघ." त्यानं ऐकवलं. डेरेक वर गेला, लटकला, उतरत आला, आणि माझी बायको म्हणाली, "वा!"

"खरंच की," रॉय म्हणाला. "कुणी आणला होता कुत्रा? डॉक, तू पुढं बसला होतास. दिसला तुला?"

आता पाहा. मला एक वाक्य बोलायचं होतं. दॅट्स नॉट अ डॉग, दॅट्स माय वाइफ. व्याकरण शुद्ध, शब्द सोपे. पण ते तोंडात आल्यावर असं काही ऐकू यायला लागलं की मी ते गिळलं. आणि म्हणालो, "आय डिडन्ट सी एनी डॉग."

जे शंभर टक्के खरं होतं.

"काढतो मग," मार्टिन म्हणाला. मी शेंगांची पिशवी घेऊन घरी आलो.

त्या आठवड्यात गाडीत बसून मी ते वाक्य पाठ केलं. रागानं म्हणून पाहिलं, हसत म्हणून पाहिलं. मग ठरवलं, ई-मेल बरा. पहिला मसुदा कडक होता. त्यात 'संस्कृती' हा शब्द दोनदा होता. दुसऱ्यात एकदा. तिसरा पाठवला, तो असा: तुमची हरकत नसेल तर, अगदी सहज विचारतो, सहाव्या गाण्यातला तो छोटासा आवाज राहू देता आला तर बरं, पण नाही जमलं तरी नो वरीज. आवाज कुणाचा, ते लिहिलंच नव्हतं. मानसीला इंग्लिश, मला मराठी आणि सुलभाला दोन्ही येत असताना घरातलं सर्वांत महत्त्वाचं पत्र लिहायला मी बसलो होतो. मार्टिनचं उत्तर आलं: काळजी नको, एकदम साफ काढलाय, कळणारही नाही!

सुलभाला मी काही सांगितलं नाही. ती रोज विचारायची, "आली का सीडी?" मी म्हणायचो, "इंग्लिश लोकांचं काम, वेळ लागणारच." जुलै गेला. माझ्या शिंका थांबल्या. ती मात्र तारांसाठी भावाला पत्र लिहून मोकळी झाली होती.

ऑगस्टच्या शेवटी मानसीचा निकाल लागला, चांगला लागला. स्ट्रॉबेरी योगर्टवाल्या गणितात सर्वांत चांगला. त्याच आठवड्यात सीडी आली. घरात आता सगळं वाजवायची मुभा होती, पण सुलभा म्हणाली, "गाडीतच ऐकू. तिथं सवय झालीय." ड्राइव्हवर दोघं काचा वर करून बसलो. सहावं गाणं सुरू झालं. डेरेक वर गेला, लटकला, उतरू लागला. तिची दोन बोटं मांडीवरून आपोआप उचलली गेली.

आणि तिथं काहीच नव्हतं. खोक्यात कापूस घातल्यासारखी अर्धा क्षणभर शांतता. खोलीचा गरम श्वास, लाकडाची कुरकुर, तारेवरची ती खरखर सगळी गेलेली. आणि मग डेरेक तीच जागा पुन्हा घेतो, शेवटी वळण देऊन. का घेतो, ते आता कुणालाच कळायचं नाही. उत्तर ठेवलं होतं आणि प्रश्न काढून टाकला होता.

तिनं सीडी मागं घेतली. पुन्हा ऐकलं. पुन्हा.

"इथं होते ना मी?" ती म्हणाली.

मग मी सगळं सांगितलं. शेड, लॅपटॉप, मसुदे. कुत्रा.

"कुत्रा म्हणाले?"

"तसं नव्हे गं, त्यांना ओळखू..."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणालो, मला कुत्रा दिसला नाही."

तिनं सीडी बंद केली. "जवारी काढून टाकली हो त्याची," ती म्हणाली. डेरेकबद्दल म्हणाली, असं मी समजून घेतलं. मग दार उघडून उतरली, वाकून माझा रिकामा मग उचलला आणि म्हणाली, "लव्हली."

तारांचं पुडकं मिरजेहून सप्टेंबरात आलं. अजून ड्रॉवरमध्ये आहे.

मी नंतर रॉयकडे गेलो आणि ते वाक्य बोललो. उशिरा बोललेलं वाक्य फार सोपं असतं. त्यानं टोपी काढली. "अरे देवा. डॉक, तेव्हाच का नाही बोललास? डेरेकलाही ते राहू द्यायचं होतं. तो म्हणालाच होता, पण त्याला उगाच फस, गाजावाजा करायचा नव्हता." मूळ रेकॉर्डिंग मार्टिननं लॅपटॉपवर जागा व्हावी म्हणून पुसून टाकलं होतं. आम्ही दोघं घेवड्याच्या मांडवाखाली उभे राहिलो. कुणाचाच विरोध नव्हता. सगळ्यांनाच ते हवं होतं. फस नको म्हणून सगळे गप्प बसलो आणि त्यात एक माणूस पुसला गेला. ह्या देशाचं नागरिकत्व मला खऱ्या अर्थानं मिळालं ते त्या दिवशी.

त्यानंतर रिंग रोड रॅम्बलर्सची रेकॉर्ड निघाली नाही. आमच्या घरात त्या पाचव्या रेकॉर्डला नाव पडलं नाही.

हे सगळं आठवत यंदाचा जून गेला. मानसीचे पेपर संपले आणि गेल्या शनिवारी आम्ही तिला सामानासकट आणायला मँचेस्टरला गेलो. परतताना एम-सिक्सवर गाड्या ठप्प. मी चालवतोय, शेजारी मानसी मोबाइलमध्ये डोकं घालून, मागं सुलभा, मांडीवर राइस कुकर आणि दोन्हीकडे पिशव्यांचे डोंगर. काचा खाली, कारण एसी बिघडलेला. माझं नाक वाहतंय. मानसीनं बॅगेतून सीडी काढून लावली. पाचवी. मी म्हणालो, नको ती. तोवर सुरू झाली होती.

"ही तुझ्याकडे कशी?"

"घरून घेतली. फर्स्ट इयरला. रिव्हिजन करताना लावते मी."

ज्या मुलीनं मला शिंकायला बागेत पाठवलं होतं, ती हे म्हणाली. सहावं गाणं आलं. पाच वर्षं मी ते टाळत आलो होतो. डेरेक वर गेला. लटकला. उतरायला लागला. मी आरशात पाहायचं नाही असं ठरवलं आणि पाहिलंच. सुलभा खिडकीबाहेर बघत होती. आणि गाण्यातला तो खड्डा आला.

"वा," मानसी म्हणाली. मोबाइलमधून मान वर न करता.

आणि डेरेकनं तीच जागा पुन्हा घेतली, शेवटी वळण देऊन.

"काय म्हणालीस?" मी विचारलं.

"तिथे म्हणायचा असतो. आईचा जागा आहे तो." मग मोबाइलवर बोट फिरवत, "फ्लॅटमध्ये सगळेच म्हणतात. त्यांना वाटते गाण्यात आहे."

जागा ती, आईची. माझ्या जिभेवर आलं होतं. पण शाळेत व्याकरणात घोकलेलं एक नाव आठवलं: केवलप्रयोगी अव्यय. लिंग नाही, वचन नाही, विभक्ती नाही. मराठीतला एकमेव शब्द, जो ह्या मुलीला चुकवता येणारच नाही. मी दुरुस्ती गिळली. आयुष्यात पहिल्यांदाच योग्य वेळी काहीतरी गिळलं.

मागून राइस कुकरचं झाकण वाजलं.

"उशीर केलास," सुलभा म्हणाली. "तो पोचल्यावर म्हणतेस. त्याच्याबरोबर पोचायचं. आणि गळ्यातून नको, पोटातून. परत लाव."

मानसीनं परत लावलं. गाड्या इंचभरही हलत नव्हत्या. डेरेक वर गेला, लटकला, घाई न करता लांबच्या वाटेनं उतरत आला, आणि मागच्या सीटवरून, पिशव्यांच्या डोंगरांमधून, पोटातून, बरोबर समेवर, ते निघालं.

शेजारच्या लेनमधल्या गाडीत खिडकीत एक कुत्रा बसला होता. त्यानं कान टवकारले, मान वळवून आमच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा दाद देणार. पण इंग्लिश कुत्रा तो. गाणं संपेपर्यंत गप्प बसून ऐकत राहिला.